दर्याचा श्वास आणि आपले कर्तव्य

समुद्रात पाण्याला तोटा नाही हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु समुद्रात प्राणवायूचा तोटा पडू शकतो, असे कोणी सांगितले तर आपणांपैकी बहुतेकांस ते नवल वाटेल. माशाला पाणी मिळाले की त्याचे सारे भागले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मासा पाणी पिऊन जगत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून घेऊन जगतो. तो प्राणवायू सरला, तर अथांग सागरातही मासा गुदमरतो. आणि हा प्राणवायू खोल पाण्यापर्यंत पोहोचविण्याचे काम जे करतात, ते सागरप्रवाह आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

विद्यार्थिमित्रहो, मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण कलाशाखेत झाले आणि वर्गात मी भाषा व भूगोल शिकवितो. घरी कोकणी, शाळेत मराठी, अशा दोन भाषांत माझा दिवस जातो. परंतु दोन्ही भाषांत समुद्राला आपण ‘दर्या’ म्हणतो आणि दोन्हींत त्याच्याविषयीचा आदर सारखाच आहे. मात्र केवळ आदर पुरेसा नाही. आमच्या वर्गांत नकाशावर बोट ठेवून गल्फ प्रवाह दाखविणारे, लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि क्युरोशिओचा उष्ण प्रवाह धडाधड सांगणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. पण शाळेच्या गच्चीवरून जो समुद्र दिसतो, त्यात पावसाळ्यात पाणी कोणत्या दिशेला वाहते आणि हिवाळ्यात कोणत्या, असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. दूरच्या प्रवाहांची नावे पाठ असावीत याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच की, आपल्या दारातला समुद्र श्वासाच्या बाबतीत मुळातच नाजूक आहे. तो तसा का आहे हे त्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे, आणि जे समजले त्याप्रमाणे वागले पाहिजे.

प्रथम प्राणवायूचा हिशेब पाहू. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मात्र, ते ० अंश सेल्सिअस इतके थंड असेल तर, फार तर सुमारे ८ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो; आणि तेच पाणी आपल्याकडील पाण्यासारखे ३० अंशांपर्यंत तापलेले असेल तर जेमतेम साडेचार मिलिलिटर. म्हणजे उष्ण कटिबंधातील समुद्राची शिदोरी आरंभापासूनच तोकडी. ही शिदोरी दोन मार्गांनी मिळते. एक, लाटांच्या घुसळणीने हवेतून. आणि दुसरा, पाण्याच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींकडून. या वनस्पतींना प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश मिळतो तोवर त्या आपल्या झाडांप्रमाणेच प्राणवायू बाहेर टाकतात.

परंतु सूर्यप्रकाश खोलवर जात नाही. त्याखालच्या अंधाऱ्या पाण्यात प्राणवायू निर्माण होत नाही, केवळ खर्च होतो. वरचे प्लवक आणि प्राणी मरतात, त्यांचे अवशेष पावसासारखे खाली झिरपत राहतात आणि जीवाणू ते कुजवितात. कुजणे म्हणजेही एक प्रकारचे जळणे; त्यालाही प्राणवायू लागतो. अशा रीतीने खालच्या थरांत नित्य खर्च चालू असतो. जमेची बाजू सांभाळतात ते प्रवाह. ध्रुवांकडील प्रदेशांत पृष्ठभागाचे पाणी अतिशय थंड होते, भरपूर प्राणवायू पोटात घेते, जड होऊन बुडते आणि मग हजारो मैलांचा संथ प्रवास करीत विषुववृत्ताकडे येते. वाटेत त्यातील प्राणवायू थोडा थोडा खर्ची पडतो. जिथे असा प्रवाह जोमाने पोहोचतो तिथले खोल पाणी श्वास घेते. जिथे पोहोचत नाही, किंवा फार उशिरा व रित्या हाताने पोहोचतो, तिथले पाणी गुदमरते.

याचे एक सुंदर उदाहरण पॅसिफिक महासागरात आढळते. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथे ट्युना माशांचे संशोधन करणाऱ्या लोकांनी विषुववृत्ताजवळ लांब दोऱ्यांचे गळ खोल सोडले होते. वरचे पाणी पश्चिमेकडे वाहत असता हे गळ उलट पूर्वेकडे ओढले जाऊ लागले! टाऊनसेंड क्रॉमवेल या तरुण शास्त्रज्ञाने १९५२ साली त्याचा शोध घेतला, तेव्हा पृष्ठभागाच्या खाली पूर्वेकडे धावणारा एक प्रचंड अंतःप्रवाह त्याला सापडला. हा अंतःप्रवाह पश्चिमेकडील प्राणवायुयुक्त पाणी पूर्वेकडे वाहून नेतो. त्यामुळे पूर्व पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात प्राणवायू बरा आहे. पण त्याच्या उत्तरेस मेक्सिकोच्या बाजूला आणि दक्षिणेस पेरूच्या बाजूला प्रवाह मंद आहेत, आणि तिथे मधल्या खोलीवर प्राणवायूचे दुर्भिक्ष आहे. एकाच महासागरात, जवळजवळ एकाच उष्ण कटिबंधात, एका पट्ट्याला श्वास मिळावा आणि शेजारच्यांना मिळू नये, हा फरक प्रवाहांनी घडविला आहे.

पॅसिफिकमधील या दोन प्रदेशांच्या पंक्तीला बसणारा जगातील तिसरा मोठा प्रदेश कोणता? तो आपला अरबी समुद्र. त्याचे कारण नकाशा उघडताच ध्यानी येईल. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर उत्तरेस थंड प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. हिंदी महासागराच्या डोक्यावर मात्र आशिया खंडाचे छप्पर आहे. उत्तरेकडून थंड, ताजे पाणी येण्याची वाटच नाही. जे काही येते ते दक्षिण गोलार्धातून, लांबच्या प्रवासाने थकून, बराचसा प्राणवायू वाटेत खर्चून येते. इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून खारट, जड पाण्याचे प्रवाह अरबी समुद्रात उतरतात व मधल्या थरांत पसरतात. त्यांची थोडीफार मदत होते, पण ते उष्ण प्रदेशांतून आलेले असल्यामुळे त्यांची शिदोरीही लहानच. परिणाम असा की, या समुद्रात सुमारे १५० मीटरपासून १००० मीटरहून अधिक खोलीपर्यंतच्या जाड थरात प्राणवायू अत्यल्प आहे. त्याच्या मध्यभागी तर तो जवळजवळ नाहीच. तिथले काही जीवाणू नाइलाजाने पाण्यातील नायट्रेटवर निर्वाह करतात आणि त्याचे नत्रवायूत रूपांतर करून टाकतात.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या लक्षात आली त्याला बराच काळ लोटला. १९३३-३४ साली ‘माबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली. तिचे नेते कर्नल सेमूर सेवेल हे पूर्वी भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. अरबस्तानच्या किनाऱ्यापाशी आणि ओमानच्या आखातात काही खोलींवरचा तळ या मंडळींना जवळजवळ निर्जीव आढळला. एवढ्या संपन्न समुद्राच्या पोटात असा उजाड पट्टा असावा याचे त्यांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही.

आता एक कोडे पाहा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यावर अत्यंत जोरात वाहतात. त्यांच्या रेट्याने खालचे पोषक पाणी वर येते आणि प्लवकांचे अमाप पीक निघते. पीक जास्त म्हणजे कुजणेही जास्त. तेव्हा प्राणवायूचा सर्वांत मोठा तुटवडा तिथेच, पश्चिमेस असावयास हवा. प्रत्यक्षात तो आहे मध्य आणि पूर्व अरबी समुद्रात, म्हणजे आपल्या बाजूला! असे का? दक्षिणेकडून येणारे पाणी मुख्यतः पश्चिम किनाऱ्याच्या कडेने आत शिरते. त्यामुळे पश्चिमेला त्यातील प्राणवायूचा पहिला घास मिळतो. पूर्वेकडे येईतो ताट बहुतेक रिकामे झालेले असते. पंगतीच्या शेवटी बसणाऱ्याची स्थिती आपल्या समुद्राची आहे. खर्च किती आहे एवढ्यावरच सारे अवलंबून नसते. पुरवठा कोणाच्या वाटेने येतो याला अधिक महत्त्व असते, हे यावरून दिसते.

हे झाले खोल समुद्राविषयी. आपल्या किनाऱ्याजवळ काय घडते? आपला किनारी प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवितो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यात वाऱ्याचा रेटा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या योगाने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी उथळ भागात चढते. ही क्रिया प्रथम केरळकडे सुरू होते व हळूहळू उत्तरेस सरकते. जे पाणी वर चढते ते पोषक क्षारांनी समृद्ध, पण प्राणवायूने दरिद्री असते. पृष्ठप्रवाहाच्या खाली मात्र उलट दिशेने, उत्तरेकडे वाहणारा एक अंतःप्रवाह असतो. तो दक्षिणेकडचे, तुलनेने थोडा अधिक प्राणवायू असलेले पाणी आणतो. तेवढाच आधार.

याच वेळी आपल्याकडे मुसळधार पाऊस पडत असतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. मांडवी, जुवारी आणि किनाऱ्यावरच्या इतर नद्या ते पाणी समुद्रात ओततात. गोडे पाणी हलके. ते खाऱ्या पाण्यावर ५ ते १० मीटर जाडीच्या झाकणासारखे पसरते. झाकण बसले की वरची हवा खाली पोहोचत नाही. खाली कुजणे चालूच. परिणामी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तळालगतचा प्राणवायू घटत जातो, आणि एखाद्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तो इतका संपतो की पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास असणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा स्पर्श होतो. मग वारे पडतात, प्रवाह तोंड फिरवितो, बंगालच्या उपसागराकडील कमी खारट पाणी घेऊन उत्तरेकडे वाहू लागतो. थंड पाणी पुन्हा खाली उतरते आणि हिवाळा लागेपर्यंत किनाऱ्याचा समुद्र मोकळा श्वास घेऊ लागतो. दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर हे सारे घडते आणि आपण केवळ लाटा मोजतो!

या गोष्टी कोणी घरबसल्या कल्पिलेल्या नाहीत. कोचीच्या समोरील समुद्रात हे पाणी वर चढले की तळचे मासे कमी मिळतात, ही गोष्ट कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडली होती. त्यानंतर अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची मोठी मोहीम १९६५ पर्यंत चालविली. भारताचे ‘किस्तना’ हे जहाज तीत सहभागी होते. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा जन्म झाला, आणि तिचे मुख्य केंद्र आज आपल्याच दोनापावल येथे आहे. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीच्या समोर एक जागा ठरवून तिथल्या पाण्याची वर्षानुवर्षे नियमाने तपासणी केली. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील या प्राणवायूच्या तुटवड्याविषयी लिहिलेला निबंध २००० साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. आपल्या किनाऱ्याची कथा अवघ्या जगातील अभ्यासकांनी वाचली. ती आपल्या वर्गात मात्र अद्याप यावयाची आहे.

इथे कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे सारे निसर्गाचेच खेळ आहेत ना? वारे, प्रवाह, पाऊस यांवर आपली सत्ता चालत नाही. मग आपण चिंता का वाहावी?’ आक्षेप योग्य आहे आणि त्यातील अर्धा भाग खराही आहे. हा तुटवडा मुळात नैसर्गिक आहे. इतकेच नव्हे, तर जे पाणी प्राणवायू हरवून वर येते, तेच पोषक क्षार आणून प्लवक पिकविते, आणि त्या प्लवकांवर आपले तारले व बांगडे पोसतात. ज्या हाताने दर्या आपल्याला भरवितो त्याच हाताने तो तळच्या जीवांचा गळा आवळतो. ही व्यवस्था मोडावी असे कोणी म्हणत नाही.

परंतु निष्कर्ष मात्र उलट निघतो. ज्याला जन्मतः दम्याचा विकार आहे, त्याच्या खोलीत आपण चूल पेटवून धूर कोंडतो काय? निरोग्याला जो धूर सोसेल तो दमेकऱ्याला सोसत नाही, म्हणून आपण अधिक जपतो. अगदी तसेच हे आहे. शहरांचे मैलापाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते नद्यांवाटे समुद्रात जातात, तेव्हा प्लवकांना आयतेच खाद्य मिळते. ते माजतात, मरतात, कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू खातात. आपल्या किनाऱ्यावरील तुटवड्यात या मानवी भाराचा वाटा नेमका किती, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा आहे. परंतु असा भार दिशेने कोणीकडे ढकलतो याविषयी वाद नाही. आधीच अपुऱ्या श्वासावर जगणाऱ्या पाण्यात तो टाकणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा आक्षेप समुद्राच्या विशालतेचा. एवढ्या अफाट दर्याला आमच्या गटारांनी काय होणार? यास उत्तर असे की, समुद्र विशाल असला तरी किनाऱ्याजवळचा, माशांच्या उपयोगाचा, आपल्या जाळ्यांच्या टप्प्यातला समुद्र विशाल नाही; आणि पावसाळ्यात त्यावर झाकण बसते हे आपण पाहिलेच. शिवाय विशाल महासागरही आता अबाधित राहिलेला नाही. मोजमापे असे सांगतात की, १९६० नंतरच्या अर्धशतकात जगातील महासागरांनी आपल्या प्राणवायूचा सुमारे दोन टक्के भाग गमावला. पृथ्वी तापते आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वरचा थर उष्ण व हलका झाला की खालच्या पाण्याशी तो मिसळेनासा होतो. दोन टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु ही घट सर्वत्र सारखी वाटली जात नाही, आणि उष्ण कटिबंधातील आधीच विरळ झालेले थर आणखी जाड होत असल्याचे आढळले आहे. श्रीमंताच्या खिशातून गेलेला रुपया आणि गरिबाच्या खिशातून गेलेला रुपया यांत जे अंतर, तेच इथे.

मच्छीमार कुटुंबांतील मुले आपल्या शाळेत आहेत. त्यांना आणि त्यांच्या वडीलमंडळींना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. तळचे पाणी निःसत्त्व झाले की मासे तेथून पळतात आणि वरच्या किंवा किनाऱ्याजवळच्या अरुंद पट्ट्यात दाटी करतात. दाटी झाल्यावर ते जाळ्यात सहज सापडतात. तेव्हा भरलेले जाळे पाहून दर्या संपन्न आहे असा अर्थ काढणे नेहमीच बरोबर ठरत नाही. आग लागलेल्या घरातून दाराशी आलेली गर्दी ही काही जत्रा नव्हे. गोव्यात १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच होडी लोटावी ही पूर्वजांची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. बंदी उठते त्यानंतरच्या आठवड्यांतच तळाचा श्वास कोंडू लागतो, हे लक्षात ठेवून त्या काळात हात आखडता घ्यावा, लहान मासळी सोडून द्यावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. यात पोटावर पाय देण्याचा हेतू नाही. पुढच्या वर्षीचे पोट सुरक्षित राहावे हाच हेतू आहे.

आणि ही सारी जबाबदारी मच्छीमारांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. डोंगरपायथ्याच्या गावातील शेतकरी, नदीकाठच्या शहरातील गृहस्थ, कारखानदार आणि नगरपालिका यांची सांडपाण्याची वाट अखेर त्याच दर्याकडे जाते. पाऊस तोंडावर असता शेतात खत टाकले तर त्यातील पुष्कळसे पिकाला न लागता ओहोळाला लागते. तेव्हा खताची वेळ आणि माप सांभाळणे हेदेखील समुद्राचे रक्षणच होय. मैलापाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, ही मागणी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत पुनःपुन्हा करावयास हवी.

शाळेपुरते बोलावयाचे तर माझ्या तीन सूचना आहेत. भूगोलाच्या तासाला जगातील प्रवाहांआधी आपल्या किनाऱ्याचा प्रवाह शिकवावा. तो दोन ऋतूंत दोन दिशांना का वाहतो हे मुलांनी स्वतः नकाशावर काढावे. वरच्या वर्गांनी वर्षातून एकदा तरी समुद्रविज्ञानाचे काम करणाऱ्या माणसांशी बोलावे. आणि जून ते डिसेंबर या काळात मुलांनी एक वही ठेवावी: बाजारात कोणती मासळी केव्हा आली, पाण्याचा रंग कधी बदलला, आजोबांच्या वेळी या महिन्यात काय मिळत असे. या वहीने शास्त्र सिद्ध होणार नाही. परंतु दहा वर्षांच्या दहा वह्या शेजारी ठेवल्या, तर आपल्या गावाला आपल्या समुद्राविषयी बोलताना केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागणार नाही. पुढील जूनमध्ये इयत्ता नववीपासून हा उपक्रम सुरू करावा, आणि पालकांनी मुलांच्या प्रश्नांना सवड काढून उत्तरे द्यावीत, अशी माझी विनंती आहे.